पाचवं नाव

येरानचा आवाज मोठा आहे हे देगूच्या सोमुन बाजाराला ती आईच्या पाठीला बांधलेली होती तेव्हापासून माहीत होतं. आई रजया विकायची. पाठीवर पोरीनं भोकाड पसरलं की तीन गल्ल्यांपलीकडचा मासळीवाला हातातली सुरी खाली ठेवून ओरडायचा, "येरानच्या आई, अहो पाजा त्या पोरीला, माझं गिऱ्हाईक दचकून पळतंय!" शाळेत गेल्यावर या आवाजाचं कौतुक होईल असं आईला वाटलं होतं, तेही झालं नाही. गाण्याच्या बाईंनी तिला समूहगीतात शेवटच्या रांगेत उभं केलं आणि नुसते ओठ हलवायला सांगितलं. आपल्याजवळ जे असतं ते जगाला नेमकं नको असतं, हे येरानला फार लवकर कळलं आणि कधीच पटलं नाही.

मग ती तेरा-चौदा वर्षांची झाली आणि 'एअरमेल' आले.

एअरमेल म्हणजे गाणारी-नाचणारी पाच पोरं. केस रंगवलेली, विजारी दोन मापं मोठ्या, आणि चेहरे असे की वर्गातल्या मुलांकडे पुन्हा बघवू नये. त्यांचा रंग पोपटी. त्यांच्या चाहत्या पोरींनी पोपटी रेनकोट घालायचे आणि पोपटी फुगे हलवायचे. बाहेर लख्ख ऊन असो नाहीतर डोक्यावर छप्पर असो, रेनकोट हवाच. दुसऱ्या बँडच्या पोरींनी पोपटीच्या आसपासचा जरी रंग घेतला तरी गोष्ट झिंज्या उपटण्यापर्यंत जायची. वयानं मोठे म्हणून सगळ्या त्या पाचांना दादा म्हणायच्या, पण या दादांना ओवाळायचा विचार एकीच्याही मनात नव्हता.

येरानचा दादा मा गीबॉम. पाचांतला थोरला, म्होरक्या. तिच्या शेजारच्या बाकावरच्या सोदामचा दादा मुन हानसोल, सगळ्यांत धाकटा, डावा दात पुढे आलेला. वाटण्या आधीच झाल्या असल्यामुळे दोघींत कधी वाद नव्हता. सोदाम मुळात मुकी म्हणावी इतकी कमी बोलायची. हानसोलच्या वाढदिवसाला मात्र पहाटे उठून स्वतःच्या हातानं शेवाळाचं सूप करायची, घरच्या वडीलधाऱ्यांसाठी करतात तसं, आणि डब्यात घालून शाळेत आणायची. दोघी मधल्या सुट्टीत त्या परक्या पोराच्या नावानं सूप प्यायच्या.

"स्वतःच्या मावशीचा वाढदिवस विचारला तर तोंड वासतेस," आई म्हणायची, "आणि त्या लाल केसांच्या माकडाचा रक्तगट पाठ!"

"केस लाल नाहीत, तांबूस आहेत."

"माकड आहे हे कबूल ना मग? जा, त्या गाद्या आत घे."

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळं घडलं. गाणं सुरू होण्याआधी थोडा वेळ नुसतं संगीत वाजतं. त्या वेळात चाहत्यांनी पोरांची नावं ओळीनं, तालावर, एका आवाजात घ्यायची. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. प्रत्येक नावाचे तीन तुकडे, ढोलाचे तीन ठोके. मा, गी, बॉम. पुढचे तिघे. आणि शेवटी मुन, हान, सोल. ते झालं की गीबॉम तोंड उघडणार. एकीनं जरी अर्धा ठोका आधी तोंड उघडलं तरी सगळ्या कालव्याचा चिखल होतो. म्हणून प्रत्येक गावच्या शाखेला एक म्होरकी असते. तिच्या आवाजाला धरून बाकीच्यांनी ओरडायचं.

राजधानी सोलमधल्या चाहत्यांच्या मुख्य मंडळाची अध्यक्ष होती ह्वाजॉन ताई. कॉलेजात जाणारी, कडक, शिट्टी गळ्यात घालून हिंडणारी. देगूच्या पोरी पहिल्यांदा कार्यक्रमाला गेल्या तेव्हा तिनं मागून आलेला तो आवाज ऐकला, रांगा ओलांडत आली आणि विचारलं, "हे कोण ओरडलं?"

येराननं सवयीनं मान खाली घातली. "चुकलं, ताई. हळू ओरडते."

"हळू? वेडी आहेस का! देगूची म्होरकी आजपासून तू."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये येरान रडली. ज्या आवाजापायी आयुष्यभर चिमटे खाल्ले, तो कुणालातरी हवा होता. पुढं चार वर्षं दर रविवारी दुर्यू बागेतल्या झाडांखाली ती साठेक पोरींना उभं करायची आणि बांबूच्या काठीनं बाकावर ताल धरून नावं घोकून घ्यायची. देगूच्या उन्हाळ्यात माणसं अंडं फुटपाथवर भाजता येईल म्हणतात, त्या उन्हाळ्यातही रेनकोट घालून. बागेत बुद्धिबळाचे पट मांडून बसणारे म्हातारे पहिल्या वर्षी शिव्या द्यायचे. तिसऱ्या वर्षी त्यांनाही पाचही नावं पाठ झाली होती.

आणि मग त्या वसंतात हानसोल गेला.

बँड चालवणाऱ्या कंपनीनं सांगितलं की प्रकृती बरी नाही आणि शिक्षण पूर्ण करायचंय म्हणून त्यानं बँड सोडला. हे कुणालाच खरं वाटलं नाही. करारावरून वाजलं म्हणे, वडिलांनी वकील केला म्हणे. खरं काय ते त्याला ठाऊक आणि कंपनीला. चाहत्यांना फक्त ह्वाजॉन ताईचा फोन आला.

"नीट ऐक, येरान. पुढच्या रविवारी चौघांचा पहिला कार्यक्रम. थेट प्रक्षेपण आहे. संगीत तेच ठेवलंय, पण पाचव्या नावाच्या जागी ढोल बंद. चौघं मान खाली घालून तीन ठोके गप्प उभे राहणार आणि मग गीबॉम गाणार. तेवढा वेळ सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे. कळलं? एकीनं जरी पाचवं नाव घेतलं तर कंपनी मंडळाचा प्रवेश बंद करणार आहे. सगळ्यांचा."

"पण ताई, त्याचं नाव..."

"त्याचं नाव आता नाही. गीबॉमचं बघ. त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर सगळं आलंय."

गीबॉमचं म्हटल्यावर येरान वितळली. रविवारी बागेत तिनं पोरींना नवी रीत समजावली. चार नावं घ्यायची आणि पाचव्या जागी आवंढा गिळायचा. ही युक्ती तिची स्वतःची. नुसतं गप्प राहा म्हटलं तर सवयीचं तोंड उघडतंच. आवंढा गिळताना माणसाला बोलता येत नाही. तीन ठोक्यांत एक मोठा आवंढा. साठ पोरी झाडाखाली उभ्या राहून एकदम आवंढा गिळताहेत हे बघून म्हाताऱ्यांनी पट बाजूला सारले.

"काय गं पोरींनो," एकानं विचारलं, "धाकटा कुठं गेला?"

सोदाम तेवढी रांगेतून बाहेर आली.

"मी गिळणार नाही," ती म्हणाली.

"मग नुसती गप्प उभी राहा."

"गप्पही राहणार नाही. त्याचं नाव घेईन."

"सोदाम, सगळ्यांचा प्रवेश बंद होईल. अक्कल आहे का?"

"चार वर्षं तूच शिकवलंस ना, पाच नावं म्हणून? गेला तर पुसायचं? तुझा गीबॉम गेला असता तर गिळला असतास?"

येरानला राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसलाच. साठ पोरींसमोर ती म्हणाली, "तुझ्या एका दातपुढ्यासाठी सगळ्यांचं वाटोळं करणार का? यायचं नसेल तर घरी बस."

सोदामनं रेनकोट काढला, घडी घातली, बाकावर ठेवला आणि गेली. बुद्धिबळवाल्या म्हाताऱ्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. येराननं काठी उचलली आणि ताल धरला.

पुढच्या रविवारी बस पहाटेच निघाली. साठ पोरी, साठ रेनकोट, एकीच्याही मनात धड उत्साह नाही. आयांनी बांधून दिलेल्या भाताच्या वळकट्या तशाच डब्यात. येरान ड्रायव्हरच्या मागं उभी राहून वाटभर एकच पाढा घोकून घेत होती. चार नावं, आवंढा. चार नावं, आवंढा. ड्रायव्हर शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, आता मलाही गिळायला होतंय, थांब जरा."

सभागृहात दिवे गेले. चौघं आले. संगीत सुरू झालं. येरान मंचाकडं बघतच नव्हती. तिला तिच्या पोरींची काळजी. कोपऱ्यातली ती नववीतली हमखास घसरणार, मागच्या दोघी सोदामच्या मैत्रिणी, त्या मुद्दाम ओरडतील. ती उलटी उभी राहून त्यांच्या गळ्यांकडं डोळे लावून होती. मा, गी, बॉम. दुसरं नाव. तिसरं. चौथं. साठही गळे खालीवर झाले, नववीतल्या पोरीचासुद्धा. शाबास, असं येरानला वाटलं, आणि ते वाटत असतानाच तिला एक आवाज ऐकू आला.

"मुन! हान! सोल!"

ढोल बंद होते. सभागृह बंद होतं. सगळ्या देशात त्या क्षणी तेवढा एकच आवाज चालू होता, आणि तो सोमुन बाजारात तीन गल्ल्या पार करणारा आवाज होता. स्वतःचा आहे हे येरानला त्या साठ पोरींच्या तोंडांकडं बघून कळलं. चार वर्षांची सवय. बाकीच्यांना गिळायला लावण्याच्या नादात तिचा आवंढा राहून गेला होता.

मंचावर गीबॉमनं मान वर केली. अंधारात बघितलं. आणि गायचं विसरला. म्होरक्या, थोरला, चार वर्षांत एकदाही न चुकलेला. पहिली ओळ तशीच कोरी गेली, थेट प्रक्षेपणात. दुसऱ्या ओळीला आवाज फुटला तोही चिरका.

कार्यक्रमानंतर मागच्या आवारात ह्वाजॉन ताई आली. शिट्टी तोंडात नव्हती पण चेहरा वाजत होता.

"मुद्दाम केलंस."

"नाही ताई, शपथ, चुकून झालं."

"चुकून? साठजणींना गप्प बसवलंस आणि स्वतः चुकून? मूर्ख समजतेस मला? सगळ्या गप्प होतील तेव्हा माझा एकटीचा ऐकू जाईल, हा डाव. रेनकोट काढ."

"ताई, चुकून..."

"काढ म्हणते ना!"

येराननं रेनकोट काढला. परतीच्या वाटेवर बस महामार्गावरच्या थांब्याला थांबली. तिथले लोण्यात परतलेले बटाटे म्हणजे प्रत्येक सोल वारीचा प्रसाद. पोरींनी कागदी वाट्या भरून आणल्या, आपसांत वाटून खाल्ल्या. येरानच्या शेजारची जागा रिकामी होती. तिला कुणी बटाटा टोचलेली काडीसुद्धा पुढं केली नाही. तिला बटाटे नकोच होते, पण कुणी विचारायला तर हवं होतं.

घरी आईनं टीव्ही बघितला होता. "तूच ना ती?" म्हणाली. "एवढ्या मोठ्यानं कधी गिऱ्हाईक बोलावलंस तर शप्पथ. सगळ्या देशासमोर मिरवायची हौस!"

"मिरवायला नाही, आई. चुकलं माझं."

"असं कसं चुकतं? तोंड तुझंच ना?"

दुसऱ्या दिवसापासून जी तऱ्हा सुरू झाली ती बघून देवानंही कपाळावर हात मारला असता. निम्म्या चाहत्यांनी तिला गद्दार ठरवलं. घरचा फोन वाजायचा, उचलला की पलीकडून शिव्या, गीबॉमच्या चिरक्या आवाजाचा जाब. आणि उरलेल्या निम्म्यांनी, म्हणजे हानसोलच्या भक्तांनी, तिला देवी ठरवलं. बुसानहून चार पोरी गुच्छ घेऊन शाळेच्या फाटकाशी आल्या आणि तिच्यासमोर कमरेत वाकल्या.

"ताई, तुम्ही एकट्यांनी त्याचं नाव राखलंत."

"अगं बायांनो, मी काही राखलं नाही. चुकून आलं तोंडातून!"

पोरींनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं डोळा मिचकावला. "कळलं, ताई. कंपनीचं भय आहे. आम्ही कुणाला सांगणार नाही."

"काय सांगणार नाही? सांगा ना! सगळ्यांना सांगा, चुकून झालं!"

त्या आणखी एकदा वाकल्या आणि डोळे पुसत गेल्या. येरानला गुच्छ फेकून मारावासा वाटला. फुलं चांगली होती म्हणून तिनं तो आईला दिला.

एक माणूस होतं ज्याला ती खरं सांगू शकली असती. ती सोदामच्या घरी गेली. दार तिच्या आईनं उघडलं, अर्धंच. "सोदाम घरी नाही गं." उंबऱ्याशी सोदामचे बूट होते, पांढरे, टाचा दाबलेले. दोघींनीही त्या बुटांकडं बघितलं. "आली की सांगते," आई म्हणाली. दार लागलं.

शाळा संपेपर्यंत सोदाम दुसऱ्या बाकावर बसली. पुढं परीक्षा आली. परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवाळाचं सूप कुणी पीत नाही, त्यावरून घसरून माणूस नापास होतो म्हणतात. हानसोलचा वाढदिवस नेमका त्याच दिवशी. सोदामनं डबाभर सूप आणलं, एकटीनं प्यायली आणि नर्सिंगच्या कॉलेजात गेली. येराननं थेंब चाखला नव्हता, ती नापास झाली. जगाचा न्याय कसा असतो याबद्दल तिनं त्यानंतर विचारणंच सोडून दिलं.

ती दुकानात बसली. एअरमेल दोन वर्षांत फुटलं. पोरं सैन्यात गेली, लग्नं झाली, एकानं कोंबडीचं हॉटेल काढलं. रेनकोट गेले, पोपटी रंग कुणाच्या लक्षातही राहिला नाही. उरले फक्त ते तीन ठोके. टीव्हीवर सणासुदीला जुन्या गमतीजमती दाखवतात, त्यात दर वर्षी तो तुकडा यायचा. मान खाली घातलेली चार पोरं, अंधार, आणि तो आवाज. खाली मोठ्या अक्षरांत, 'एका चाहतीची निष्ठा'. येराननं एकदा वाहिनीला फोन लावला.

"नमस्कार. ती निष्ठा नव्हती. चुकून झालं होतं. पाटी बदला."

"आपण कोण बोलताय?"

"मीच ती."

"अरे वा! या आठवड्यात असं सांगणाऱ्या तुम्ही तिसऱ्या," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "कार्यक्रम बघत राहा."

येराननं फोन ठेवला आणि समोरच्या उशीला चार गुद्दे घातले. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला वाटलं कापूस बघतेय.

लग्न ठरलं की मुलीकडून सासरच्यांना रजया द्यायच्या असतात. त्या निमित्तानं एका शरदात सोदाम तिच्या आईबरोबर दुकानात आली. येरान मापं सांगत राहिली. रेशमी का सुती, सासूबाईंना जड आवडते का हलकी, सासऱ्यांना गुडघेदुखी आहे का. सोदाम हो-नाही म्हणत राहिली. सगळं बांधून झाल्यावर येराननं दोन उशा वर घातल्या. "हे कशाला?" सोदामनं विचारलं. "असू दे," येरान म्हणाली. त्यापलीकडचं जे बोलायचं होतं ते गठ्ठ्यात बांधून गेलं.

आणि मग, आईचे गुडघे गेले, दुकान येरानच्या नावावर झालं, स्वतःच्या केसांना रंग लावायची वेळ आली, तेव्हा एक दिवस सोदाम पुन्हा दुकानात उभी राहिली. जाड झालेली, चष्मा, हातात फोन.

"एअरमेल पुन्हा एकत्र गाताहेत. एका रात्रीपुरते," ती म्हणाली. "पाचही."

"पाचही?"

"हानसोलपण. दोन तिकिटं काढलीत. नवरा म्हणतो, त्यापेक्षा दात उपटून घेईन. येतेस?"

आगगाडीत येराननं तीनदा तोंड उघडलं. वीस वर्षांचं वाक्य, तयारच होतं. पहिल्यांदा सोदामनं उकडलेलं अंडं पुढं केलं. दुसऱ्यांदा बोगदा आला. तिसऱ्यांदा सोदाम म्हणाली, "येरान, दोन पाळ्या सलग करून आलेय. झोपू दे." आणि खरोखरच झोपली, तोंड उघडं टाकून. येरान खिडकीबाहेर बघत चडफडत राहिली.

सभागृह बायकांनी भरलेलं. चाळिशीच्या, पंचेचाळिशीच्या, वाचायचे चष्मे गळ्यात, पायांत आरामाचे बूट, आणि अंगात, कुठून मिळवले देव जाणे, पोपटी रेनकोट. घामाचा, प्लास्टिकचा तोच जुना वास. पुढच्या रांगेत ह्वाजॉन ताई बसली होती. कंबर सुटलेली, शिट्टी मात्र गळ्यात. तिनं येरानला बघितलं, ओळखलं नाही.

पाचजण आले. गीबॉमचं पोट आलं होतं. हानसोलचा दात सरळ केलेला होता, ते बघून सोदामनं "अरेरे" म्हटलं. गाणी झाली, रडारड झाली. मग हानसोल एकटा पुढं आला.

"मी गेलो त्या वसंतात," तो म्हणाला, "मामाच्या हॉटेलात कांदे सोलत होतो. भिंतीवर टीव्ही होता. माझ्याशिवाय चौघं उभे होते. मला वाटलं, संपलं, मी कधी नव्हतोच. आणि मग कुणीतरी माझं नाव घेतलं. एकटीनं. सगळे गप्प असताना, काय होईल याची पर्वा न करता. मामी विचारत होती, रडतोस का, मी म्हटलं, कांदा आहे." सभागृहात हुंदके सुरू झाले. "तिचं नाव मला माहीत नाही. तिला कधी भेटलो नाही. ती आज इथं आहे का? असली तर हात वर कर."

एक हात वर गेला. मग दहा. मग अख्खं सभागृह. शेकडो पोपटी बाह्या, सगळ्या रडताहेत, सगळ्या "मी, मी!" म्हणताहेत, आणि सगळ्यांत पुढं, सगळ्यांत उंच, ह्वाजॉन ताईचा हात. जिनं आवारात अंगावरून रेनकोट उतरवून घेतला होता तिचा! येरानच्या कानशिलाशी रक्त ठणकायला लागलं. वीस वर्षं शिव्या तिनं खाल्ल्या, बटाट्याला मोताद ती झाली, आणि आता पुण्य वाटायची वेळ आली तर ही रांग!

तिचा हात मांडीवर होता. सोदामचाही.

"तू का नाही करत वर?" सोदामनं विचारलं.

"काय करू वर? तो म्हणतोय, पर्वा न करता घेतलं. मी कुठं तसं घेतलं? चुकून झालं होतं, सोदाम. हेच सांगतेय मी सगळ्यांना. कुणाचा विश्वास..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"चुकूनच झालं होतं. मी टीव्हीसमोर बसले होते. तुझा आवाज ऐकला आणि तेव्हाच कळलं."

येरान खुर्चीतच तिच्याकडं वळली. वीस वर्षं तिनं हेच एक वाक्य मागितलं होतं. आईकडं, ताईकडं, फाटकाशी आलेल्या पोरींकडं, वाहिनीच्या त्या गोड मुलीकडं. "मग दार का नाही उघडलंस? आणि कळलं कसं तुला?"

सोदामनं चष्मा काढून रेनकोटाला पुसला. "मुद्दाम घ्यायची हिंमत तुझ्यात कुठं होती, येरान?"

लागायचं तिथंच लागलं. कारण बोलण्यात तिळाएवढं खोटं नव्हतं. बागेत झाडाखाली, काठी हातात धरून, ती हानसोलला साठ गळ्यांखाली उतरवत होती. येरानला रडू आलं नाही, राग आला. पण आज तो कुणावर काढावा ते समजेना. शेवटी तिनं एवढंच म्हटलं, "आणि तू? तुझ्यात तर होती ना हिंमत? तू काय केलंस?"

"मी घरी बसले," सोदाम म्हणाली. "तू बस म्हणालीस म्हणून." तिनं चष्मा पुन्हा घातला. "ते मला जास्त लागतं. दार त्यामुळंच उघडलं नाही."

हात हळूहळू खाली आले. मंचावर पाचजण ओळीत उभे राहिले आणि ते गाणं सुरू झालं. ढोल वाजला. मा, गी, बॉम. सभागृह हललं. दुसरं नाव, तिसरं, चौथं. येरानचा गळा आपोआप खाली गेला, आवंढा गिळायला. वीस वर्षं तो तुकडा लागला की प्रत्येक वेळी, टीव्हीसमोर, दुकानात, गिऱ्हाइकासमोर तिनं तो गिळला होता. तिनं तो अर्ध्यावर अडवला, ठसका लागता लागता तोंड उघडलं आणि छातीत होता तेवढा सगळा वारा घालून ओरडली. मुन. हान. सोल.

यावेळी मुद्दाम. पण सगळं सभागृहच ओरडत होतं, त्यामुळं तिचा आवाज वेगळा असा कुणालाच ऐकू आला नाही. सोदामला आला असेल तर माहीत नाही. ती स्वतःच ओरडत होती.